पांढऱ्या पळसाची मुळं

झाड सोलल्याचं सगळ्यात आधी रंभाला कळलं, कारण कोसंबटोल्याच्या तलावावर रोज सकाळी पहिलं पाऊल तिचंच पडायचं. नवरा सुरेंद्र डोंगा वल्हवत जाळी उचलायला आत जायचा आणि ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, टोपली ठेवून पांढऱ्या पळसाखाली बसायची.

मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात पळसाला तोटा नसतो. जंगलभर केशरी भडका उठलेला असतो. पण तलावाच्या पाळीवरचं हे एकच झाड दुधावरच्या सायीच्या रंगाचं फुलायचं. पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. महाशिवरात्रीला त्याचं पहिलं फूल रंभाचे सासरे बापूजी महादेवाला वाहायचे, आणि त्याआधी कोणी फांदीला हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाज होता.

पुढे फोनवर त्या झाडाचे फोटो फिरू लागले आणि तिथेच घात झाला. पांढऱ्या पळसाची साल घरात ठेवली की पुरलेलं धन सापडतं, असं कोणीतरी पसरवलं. सुरुवातीला लोक येऊन चिमूटभर साल मागायचे. मग न विचारताच काढून नेऊ लागले. त्या सकाळी रंभाने पाहिलं तर गुडघ्यापासून छातीपर्यंतचं खोड चारी बाजूंनी उघडं पडलं होतं. कुठे सालीचा धागासुद्धा शिल्लक नव्हता. कोरड्या बाजूला खड्डा खणून जाड मुळ्या तोडून नेल्या होत्या. उघड्या लाकडाच्या वरच्या काठावरून लाल डिंक ओघळत होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

रंभा रडणाऱ्यातली नव्हती. तिने शेण आणि तलावातली चिकण माती कालवली, खोडाला बोटभर जाड लेप दिला आणि वरून जुनी साडी गुंडाळली. सुरेंद्रने तक्रार दिली, तिचा रीतसर कागद झाला, पुढे काही नाही. बापूजी झाडाजवळ आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "भोग संपला याचा." मग घरी जाऊन दिवसभर जेवले नाहीत.

मूलच्या बाजारात रंभा मासे विकायला बसायची, तिथून चार पावलांवर अजीमभाऊंच्या रोपवाटिकेचं दुकान लागायचं. गुलाब, लिंबू, शेवगा, पपई. वर्षभरापासून त्यांची मुलगी रुखसार दुकान सांभाळत होती. चंद्रपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून आलेली, वय चोवीस-पंचवीस, बोलायला मोकळी. रंभाने त्या दिवशी मासे विकायच्या आधी तिलाच गाठलं.

"पोरी, झाडाची साल परत यावी असं काई औषध आहे काय?"

रुखसारने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, न पाहता काई सांगत नाई. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून आली. लेप बाजूला करून खोड पाहिलं, खड्ड्यात उतरून तुटलेल्या मुळ्या पाहिल्या. मग पाळीवर बसली आणि भलतंच विचारलं.

"मावशी, तुम्ही तुरीचे शेंडे काऊन खुडता?"

"फांद्या फुटाव्या म्हणून. शेंडा राह्यला का झाड वरतीच पळते."

"पण काऊन पळते?"

रंभाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. रुखसार सांगू लागली. शेंड्यातल्या कोवळ्या पानांत एक द्रव्य तयार होतं. असतं कणभरच, पण अख्ख्या झाडाला हुकूम तेच देतं. सालीलगत ते हळूहळू खाली उतरतं. वाटेतल्या डोळ्यांना सांगतं, तुम्ही थांबा. शेंडा खुडला की तो हुकूम थांबतो आणि डोळे फुटतात. तेच द्रव्य खाली पोचलं की मुळांना सांगतं, तुम्ही फुटा. पुस्तकात त्याला ऑक्सिन म्हणतात. झाडाची अशी आणखीही द्रव्यं असतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात. एखादं उंच ओढतं, एखादं बीला झोपवून ठेवतं, एखादं फळ पिकवतं.

बापूजी बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आंबे तणसात घातले आन् एक पिकला का त्याच्या बाजूचे पिकत जातात, ते?"

"तेच, आबाजी. पिकल्या आंब्यातून एक वायू सुटते. तोही झाडाचा हुकूमच."

"मंग या खोडाले काय झालं?" रंभाने विचारलं.

"वरून येणारं सगळं इथी अडलं. पानांत तयार होणारं अन्नही अडलं. पाणी लाकडातून चढते, म्हणून पालवी येईन. पण मुळं उपाशी आहेत. एक पावसाळा काढन झाड, फार तर थोडं जास्त. मुळ्या शाबूत असत्या तर बुडातून नवी फूट आली असती. आता तिचा भरवसा नाई."

रंभाने बाजूला केलेला लेप पुन्हा खोडावर दाबला. मग रुखसार म्हणाली, "पण एक करता येईन. त्यायनं खोडाले जे केलं, ते आपण फांदीले करायचं. दोन बोटं रुंद साल गोल काढायची. वरून येणारं द्रव्य तिथं अडन, साठन. वरून थोडी मुळं फुटायची पावडर लावायची, तीही त्याच जातीची. ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लास्टिक. फांदीले वाटते का इथीच जमीन आली. मुळं फुटली का कापून लावायची."

रंभा उठून उभी राहिली. "म्हणजे तू पण सालच काढशीन."

"मावशी..."

"नाई. आता याच्या अंगाले कोणी चाकू लावणार नाई."

रुखसार निघून गेली.

दुसरी वाट रंभाने बारा वर्षांपूर्वीच करून पाहिली होती. या झाडाच्या शेंगा वेचून तिने घरामागे बिया लावल्या होत्या. तीन रोपं जगली, मोठी झाली, फुलली, आणि तिन्ही केशरी निघाली. बीमध्ये कोणत्या झाडाचा पराग आला, कोणी सांगावं. फांदीचं मात्र तसं नसतं. फांदी म्हणजे तेच झाड. हे रुखसारने न सांगताही तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

एप्रिलमध्ये पालवी आली, पण पानं दर वर्षीच्या निम्मी. मेच्या शेवटी दक्षिणेकडची एक फांदी वाळली. जूनमध्ये खड्ड्यात पाणी साचलं आणि उरलेल्या मुळ्यांना कुजका वास येऊ लागला. रंभाने आठवडाभर तो वास घेतला. मग तिने पदर खोचला, मूलची बस धरली आणि दुकानात जाऊन म्हणाली, "चाल पोरी. चाकू घे."

पहिल्या खेपेला बारा फांद्यांना गुट्या, म्हणजे शेवाळाच्या त्या पुरचुंड्या, बांधल्या. रुखसारचा हात सफाईदार होता. साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर पात्याने खरवडायचा, पावडर लावायची, शेवाळ, प्लास्टिक, दोन टोकांना सुतळी. रंभा खालून एकेक वस्तू वर देत होती. बापूजी पाळीवर आले, सोललेली फांदी पाहिली आणि पाठ फिरवून निघून गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते सुनेशी कामापुरतंच बोलले. गावातही कुजबूज झाली की परक्यांनी सोललं ते कमी होतं म्हणून आता घरच्यांनीच हात घातला.

लावणीचा रोवणा संपला, धान हिरवागार झाला आणि पन्नास दिवसांनी रुखसारने पहिली गुटी सोडली. आत मूळ नव्हतं. जखमेवर काळपट लाल, काचेसारखा कडक थर जमला होता. दुसरीतही तेच. तिसरीतही तेच. बाराच्या बारा गुट्या सोडून झाल्या. त्यातल्या चार फांद्या तर वाळूनच गेल्या होत्या.

रुखसार झाडाच्या बुंध्याशी बसली. "मावशी, माफ करा. तुमच्या झाडाले मी उगाच बारा जखमा दिल्या."

रंभाला राग आला होता, पण तो या पोरीवर नव्हता. तिने सोडलेल्या फांदीवरचा तो कडक थर नखाने खरडला. तळव्यावर घेऊन त्यावर थुंकली आणि बोटाने घासला. बोट लालभडक झालं.

"गोंद आहे हा," ती म्हणाली. "पळसाचं रगत."

तिचं माहेर चिमूरकडचं. लहानपणी आईबरोबर तिने पळसाचा गोंद, म्हणजे डिंक, गोळा केला होता. खोडाला चीर पाडायची, दुसऱ्या दिवशी लाल थेंब गोठलेले मिळायचे. पावसाळ्यात कोणी जायचं नाही, कारण ओला झाला की हा गोंद विरघळून वाहून जातो. आणि एका चिरेतून दोन-तीन दिवसच येतो, मग चीर कोरडी पडते.

"तू साल काढली आन् लगेच पावडर लावली," ती सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "तवा याचं रगत वाहूनच राह्यलं होतं. पावडर गोंदात बसली. वर प्लास्टिक, पाऊस आत जाईना, शेवाळातली ओल सरली आन् गोंद तिथंच सुकला. झाडाले पावडर पोचलीच नाई."

रुखसार तिच्या बोटाकडे बघत राहिली. "म्हणजे आधी वाहू द्यायचं."

"तीन दिवस वाहू द्यायचं. रोज कोमट पाण्यानं पुसायचं. कोरडं पडलं का मंग तुझी पावडर."

रुखसार उठली तेव्हा तिचे डोळे वेगळेच दिसत होते. "हे मले सुचलंच नाई, मावशी."

"तुले कसं सुचन. तू कधी गोंद गोळा केला काय?"

झाडावर आता चौदाच जिवंत, पानांच्या फांद्या उरल्या होत्या, आणि हंगामही सरत आला होता. दोघींनी चौदाही फांद्यांवर सालीची गोल कडी काढली. पुढचे तीन दिवस रंभा सकाळी मासे उतरवून झाले की तांब्यात कोमट पाणी घेऊन झाडावर चढायची आणि एकेक जखम मऊ फडक्याने पुसायची. तिसऱ्या दिवशी फडकं जवळजवळ स्वच्छ निघालं. चौथ्या दिवशी रुखसार आली आणि तिने पावडरीच्या दोन डब्या काढल्या.

"ही नेहमीच्या ताकदीची. या दुसऱ्या डबीत टाल्कम मिसळून तिची ताकद निम्मी केली आहे."

"निम्मी काऊन? जास्त लावली तर जास्त मुळं येतीन ना."

"धानात रुंद पानाच्या गवतावर औषध फवारतात, पाह्यलं ना? ते गवत कसं मरते?"

रंभाने पाहिलं होतं. गवत जळत नाही. आधी वेडंवाकडं वाढतं, देठ पिळवटतात, पानं मुरडतात आणि मग मरतं.

"ते औषध या पावडरीचंच भावंड आहे. कणभर दिलं तर मुळं, जास्त दिलं तर मरण. पळसाले किती सोसते ते मले माहीत नाई. म्हणून सात अशा, सात तशा."

पूर्ण ताकदीच्या गुट्यांना लाल दोरा, निम्म्या ताकदीच्यांना हिरवा. माकडांनी प्लास्टिक फाडू नये म्हणून सुरेंद्रने फाटकं जाळं आणून फांद्यांना गुंडाळलं. एरवी मितभाषी असलेला तो माणूस रोज डोंगा पाळीला लावताना आधी वर बघायचा.

दसरा झाला. बांध्यांमध्ये धान पिवळा पडू लागला. एका सकाळी रंभा टोपली ठेवून वर बघत होती, तेव्हा हिरव्या दोऱ्याच्या एका गुटीत प्लास्टिकला आतून चिकटलेला पांढरा धागा दिसला. तिला वाटलं बुरशी आली. ती झाडावर चढली आणि डोळे अगदी जवळ नेऊन पाहिलं. धाग्याचं टोक पिवळसर, टोकदार होतं. त्याच्या बाजूला दुसरा धागा होता, आणि तो शेवाळातून वाट काढत वळलेला होता. बुरशी अशी वळत नाही.

ती तशीच फांदीवर बसून राहिली. खाली सुरेंद्र हाका मारत होता, मासे उन्हात पडले होते. तिने पोलक्यातून फोन काढला आणि रुखसारला एवढंच म्हणाली, "आलं."

तासाभरात रुखसार हजर झाली. हिरव्या दोऱ्याच्या सातांपैकी सहांना मुळं होती. लाल दोऱ्याच्या दोनच गुट्यांना होती, बाकीच्यांच्या जखमेचा काठ काळा पडला होता. एकूण आठ. रुखसारने आठवी गुटी पाहिली आणि फांदीवरूनच हसायला लागली. मग रंभाही हसू लागली, आणि दोघींना थांबताच येईना. पाळीवरून जाणाऱ्या बाया उभ्या राहून वर बघू लागल्या.

हसण्याचा आवाज ऐकून बापूजी काठी टेकत आले. रंभाने खाली उतरून सगळ्यात खालची गुटी फांदी वाकवून त्यांच्या हाताशी आणली. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं, आतल्या मुळांची उंचसखल नक्षी बोटाला लागली. बराच वेळ ते बोट फिरवत राहिले.

"सुनबाई," ते म्हणाले, "मी वाईट बोललो तुले."

"तुम्ही काईच बोलले नाई, मामाजी."

"तेच म्हणतो."

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा बापूजींनी स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला. त्यांच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आठही फांद्या रंभाने स्वतःच्या हाताने आरीने कापल्या आणि मांडीवर घेऊन बसने मूलला नेल्या. अजीमभाऊंनी त्यांच्यासाठी हिरव्या जाळीखालची सगळ्यात सावलीची जागा रिकामी करून ठेवली होती. दोन रोपं थंडीत वाळली, सहा जगली. मोठं झाड डिसेंबरात निष्पर्ण झालं आणि पुन्हा पालवलं नाही. त्या महाशिवरात्रीला महादेवाला पांढरं फूल नव्हतं. बापूजींनी बेल वाहिला आणि देवाला सांगितलं, थोडा धीर धर.

पावसाळा लागताच रोपं जमिनीत गेली. दोन रोपवाटिकेत, एक देवळामागे, एक शाळेत आणि दोन तलावाच्या पाळीवर. पाळीवरच्या दोन्ही रोपांभोवती सुरेंद्रने काटेरी कुंपण केलं. सगळ्या गावाला ती पांढरी होणार याची खात्री होती. रंभा मात्र कोणी विचारलं की म्हणायची, फुलल्यावर सांगीन. परसातली तिन्ही केशरी झाडं तिला रोज दिसत होती. फांदी म्हणजे तेच झाड, हे तिला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि बघणं वेगळं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पाळीवरच्या एका रोपाला, माणसाच्या उंचीच्या, पाच कळ्या धरल्या. पळसाची कळी काळपट मखमलीची असते, आतला रंग बाहेरून समजत नाही. चार दिवस रंभा कामं टाकून तिथे घुटमळत राहिली. पाचव्या दिवशी पहाट उलटून चांगलं फटफटलं होतं. मखमल फाटली होती आणि आतून पोपटाच्या चोचीसारखी पाकळी बाहेर आली होती.

सायीच्या रंगाची.

तिने हात लावला नाही. ती पाळीवर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा, तलावाच्या मध्यावर असलेल्या नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली. सुरेंद्र जाळं तसंच पाण्यात सोडून डोंगा वल्हवत आला. मग गाव आलं. बापूजींना खाटेसकट आणावं लागलं. ते फुलापुढे हात जोडून बसले. अजीमभाऊ आणि रुखसार पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. रुखसारने फुलाकडे पाहिलं, रंभाकडे पाहिलं आणि तिच्या गळ्यात पडली. रंभाला तेव्हा रडू आलं, आणि ते तिने आवरलं नाही.

त्यानंतर रंभाचे हात थांबले नाहीत. त्या सहा झाडांच्या फांद्यांवर गुट्या बांधून पुढच्या दोन पावसाळ्यांत तिने चाळीस रोपं केली. शेतीच्या प्रशिक्षणात तिला शिकवायला बोलावलं गेलं, तिथे तिने साल कशी काढायची हे दाखवलंच, पण आधी विचारलं, "तुमच्या झाडाची जखम किती दिवस वाहते, ते पाह्यलं का कोणी?" पन्नास बायांनी माना हलवल्या आणि वह्या उघडल्या.

यंदाच्या जूनमध्ये धानोऱ्याच्या पलीकडून चैतू नावाचा गोंड माणूस दोन बस बदलून कोसंबटोल्यात आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी त्याच्या काखेत होती.

"फांदीले मुळं लावणाऱ्या बाई तुम्हीच काय?"

"मीच. बसा."

त्याच्या गावाजवळ चाराचं एक झाड होतं. चारोळी ज्याची मिळते ते चार. जंगलात चार पुष्कळ, पण त्या एकाची फळं दुप्पट मोठी आणि गोड. त्याच्या आजीने राखलेलं. आता तिथून रस्ता रुंद होत होता आणि दिवाळीपर्यंत झाड जाणार होतं.

"चाराले मी कधी केलं नाई," रंभा म्हणाली. तिने फांदी घेतली, चाकूने सालीची एक बारीक कडी काढली आणि उन्हाकडे धरून जखमेला काय फुटतं ते बघत बसली. चैतूही बघत बसला. थोड्या वेळाने तिने फोन लावला.

"रुखसार, या खेपेले दोन ताकदी पुरणार नाई. चार कर. आन् शेवाळ भरपूर घे, लांब जायचं आहे."

"किती फांद्याले मुळं येतीन, बाई?" चैतूने विचारलं.

"ते झाड सांगन," रंभा म्हणाली. तिने कोनाड्यातला चाकू आणि सुतळीचा गुंडा पिशवीत टाकला, बापूजींना जेवणाचं सांगितलं आणि चपला पायात घातल्या. "चला. दुपारची बस भेटते अजून."